एकशे साठ चौरस फूट

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. विषय घरातला आहे आणि घरातली मंडळीच इथे सगळ्यात आधी डोकावतात, त्यामुळे हात थोडा आखडत होता. पण दिवाळीला सुप्याला सगळे जमलो होतो तेव्हा जो विषय निघाला, तो काही डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहूनच टाकावं. कुणाला लागलं तर आधीच माफी मागतो.

तर झालं असं. जेवणं आटोपली होती, पोरं फटाके उडवत होती आणि ओट्यावर नेहमीसारख्या गप्पा चालल्या होत्या. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या तात्यांच्या खोलीचा विषय निघाला. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. खोली त्यांच्या नावावर होती, आता नानींच्या, म्हणजे चुलतीच्या नावावर आहे. चाळ पाडायला घेतली तेव्हा नानी आणि चुलतभाऊ डोंबिवलीला भाड्याने राहायला गेले. नंबर लागेल तेव्हा त्यांना टॉवरमध्ये पाचशे चौरस फुटांचं घर मिळायचं आहे, तेही मालकीचं आणि फुकट. वरळीतल्या पाचशे फुटांची किंमत काय होते हे मी सांगायला नको. कुणीतरी हळूच पुडी सोडली, "त्या खोलीत आण्णांचाही हिस्सा निघतो की!" आण्णा म्हणजे माझे वडील. नानी तिथेच बसल्या होत्या. क्षणभर कुणीच काही बोललं नाही.

त्या शांततेने मला या चाळीच्या इतिहासात ढकललं. मिळेल ते वाचलं, आण्णांना विचारलं, नानींना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मेली, निम्मी मुंबई गावाकडे पळाली. गिरण्या बंद पडायची वेळ आली तेव्हा सरकारला कामगारांच्या अंधाऱ्या वस्त्या दिसल्या. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांनी वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, थोड्या चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. पण ट्रस्टने जेवढं पाडलं त्या मानाने बांधलं कमी. हे वाक्य लक्षात ठेवा, घरांच्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा भेटतं.

पहिल्या महायुद्धानंतर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. गंमत बघा, त्याच वेळी विलायतेत पंतप्रधान होते लॉइड जॉर्ज. नावं उलटसुलट, पण दोघांच्याही डोक्यात घरंच. तिकडे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना चांगली घरं द्यायची म्हणून १९१९ साली कायदा झाला आणि इंग्लंडमधल्या नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर भाड्याची सरकारी घरं बांधायला घेतली. तिकडच्या 'कौन्सिल' घरांची खरी सुरुवात ही. आणि इकडे १९२० मध्ये लॉइडसाहेबांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तेच आपलं बीडीडी. म्हणजे आमच्या तात्यांची खोली आणि लंडन-ग्लासगोच्या सरकारी वसाहती या एकाच पिढीतल्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

योजना होती पन्नास हजार खोल्यांची. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. खोली साधारण एकशे साठ चौरस फुटांची, आत मोरी, संडास मजल्यावर सामाईक. मधोमध लांबच लांब बोळ आणि दोन्ही अंगाला दारं. भरदिवसाही बोळात दिवा लागायचा.

आणि आता खरी मौज. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते कामगार तिथे राहायलाच जाईनात! भाडं परवडेना, वरळी तेव्हा गावाबाहेर, बाजार नाही, दिवाबत्ती धड नाही. खिडक्यांना सिमेंटच्या झडपा बसवलेल्या, त्यातून ना उजेड ना वारा. १९२५ साली बर्नेट-हर्स्ट नावाच्या गृहस्थांनी मुंबईतल्या कामगारांवर आणि त्यांच्या घरांवर पुस्तक लिहिलं, त्यात या चाळींवर चांगलेच ताशेरे आहेत. हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या. त्याच खात्याच्या बॅकबे भरावातला गोंधळ वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि लॉइडसाहेबांच्या स्वप्नाची पुरती शोभा झाली. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला सत्याग्रही कोंडायला तुरुंग कमी पडले, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. माणसं राहायला येत नव्हती तिथे शेवटी कैदी आणून ठेवले!

एवढी घरं बांधताना 'बाबांनो, तुम्हाला कसली खोली हवी?' हा एक प्रश्न कुणी कामगाराला विचारला असता तर?

इथे मला आपल्या पारनेरच्या माणसाची आठवण होते. सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट, जन्म पारनेरचा, १८८०चा. मुंबईत बीडीडी चाळींचं काम चालू होतं त्याच वर्षांत, १९२१ ते १९२४, ते मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रह करत होते. टाटांचं धरण होणार होतं, त्यातून वीज होणार होती आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळणार होती. मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे एका बाजूला गिरण्यांच्या विजेसाठी न विचारता घरं बुडवली आणि दुसऱ्या बाजूला गिरण्यांच्या कामगारांसाठी न विचारता घरं बांधली. मला तर या एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. सत्याग्रह हरला, धरण झालं. आज लोअर परळपासून माहीमपर्यंत जो सेनापती बापट मार्ग जातो, त्याच्या आजूबाजूला त्या विजेवर चालणाऱ्या कितीतरी गिरण्या होत्या. तात्या त्या रस्त्याने कामाला जायचे. "आपल्या पारनेरचा माणूस रस्ता होऊन बसलाय, मुंबईत आपण अगदीच परके नाही," असं ते म्हणायचे.

असो. पुढे शहर वाढलं, वरळी मुंबईच्या पोटात आली आणि चाळी भरल्या, अगदी ओसंडून वाहायला लागल्या. कोकणातले, घाटावरचे, आमच्या नगर जिल्ह्यातले. पारनेर म्हणजे पर्जन्यछायेतला तालुका. दोन वर्षं पाऊस चांगला, तिसऱ्या वर्षी पोरगा मुंबईला, असा हिशोब. ज्याच्या नावावर खोली, त्याच्याकडे गावाकडची आठ-दहा माणसं वळकटी घेऊन यायची. तात्यांच्या खोलीला 'सुप्याची खोली' म्हणत. आण्णा बहात्तरच्या दुष्काळानंतर, १९७३ साली तिथे गेले. वय एकोणीस. गावात खडी फोडायची दुष्काळी कामं आणि खायला मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी. त्यापेक्षा गिरणीतली बदलीची नोकरी बरी वाटली.

एकशे साठ चौरस फुटांत किती माणसं? मी आण्णांना विचारलं. "अकरा," ते म्हणाले. "पण एका वेळी नाही. तीन पाळ्या. चौघं कामावर, चौघं झोपलेले, बाकीचे बोळात." उन्हाळ्यात गच्चीवर. नानी तेव्हा गावी असायच्या, त्या कायमच्या आल्या त्या ऐंशीच्या सुमाराला, निम्मी माणसं पांगल्यावर.

चाळीच्या आठवणी लिहिताना हमखास एक गोड तान लागते. सगळे कसे एकमेकांना धरून होते, दारं कशी उघडी असायची वगैरे. ते खोटं नाही. गणपती, आंबेडकर जयंती, व्यायामशाळा, रात्रशाळा, कुणाच्या घरी मयत झालं तर आधी शेजारी धावायचे. पण १९७४च्या जानेवारीत याच वरळीच्या चाळींत दंगल पेटली. दलित पँथरची सभा उधळली गेली, एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड आणि बाटल्या आल्या, ते कित्येक आठवडे धुमसत राहिलं. आण्णा तिथे होते. ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "त्या दिवसांत आम्ही बोळाची दारं आतून लावून घेतली, आणि दारापलीकडे जो होता तो माझ्या खात्यातलाच माणूस होता." तेव्हा 'रहिवाशांचा एकोपा' असं कुणी म्हटलं की मी जरा सावध होतो. कुणाचा एकोपा आणि कुणाला बाहेर ठेवून, हेही विचारलं पाहिजे.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप. जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. वर्षभरात आण्णा सुप्याला परतले. तात्या मात्र खोली धरून राहिले. त्या काळात आण्णांनी एक बैल विकून तात्यांना पैसे धाडले, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बाजरीचं पोतं. दिवाळीला ओट्यावर जो 'हिस्सा' निघाला, तो या बैलाचा हिस्सा होता. आता कळलं ना?

आता पुनर्विकासाकडे येतो. चाळींना शंभरी आली, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या. देखभाल सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. भाडं नाममात्र, त्यामुळे दुरुस्तीही तशीच. बरीच वर्षं नुसत्या घोषणा झाल्या. शेवटी २०१६ मध्ये सरकारने काम म्हाडाकडे सोपवलं. एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं. वरळीत प्रत्यक्ष कामाला २०२१ मध्ये पुन्हा नारळ फुटला. आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वरळीत एकूण खोल्या साडेनऊ हजारांवर, तेव्हा रांग अजून लांब आहे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जागेवर, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा.

प्रामाणिकपणे सांगतो, ही लहान गोष्ट नाही. शंभर वर्षं सामाईक संडासात रांग लावलेल्या माणसाला स्वतःचं पाचशे फुटांचं घर, त्याच जागी, एक पैसा न घेता. जगात अशी उदाहरणं फार नाहीत. लंडनमध्ये साउथवार्क भागातली हेगेट नावाची मोठी सरकारी वसाहत पाडली, बाराशेच्या आसपास घरं होती. तिथले बहुतेक भाडेकरू लांब लांब पांगले आणि नव्या इमारतींत जुन्या दराच्या भाड्याची घरं अगदी मूठभर आली. त्या मानाने वरळीकर नशीबवान.

पण 'विचारलं का?' हा जुना प्रश्न शिल्लक राहतोच. जमीन सरकारची, त्यामुळे निर्णय वरून आला. पात्रता ठरवायला सर्वेक्षण झालं तेव्हा लोकांच्या मनात धाकधूक होती. "आधी करार, मग खोली खाली" ही लोकांची मागणी काही उगाच नव्हती. नायगावमध्ये तर त्यापायी काम बराच काळ रेंगाळलं. आमच्या चुलतभावाने तात्यांच्या नावाच्या जुन्या पावत्या शोधण्यात एक अख्खा पावसाळा घालवला. एका कार्यालयात त्याला सांगितलं, "तुमचे वडील इथे राहत होते याचा पुरावा आणा." तो म्हणाला, "साहेब, माझा जन्मच तिथला आहे." "तो तुमचा पुरावा झाला, त्यांचा नाही."

आणि टॉवरबद्दलही प्रश्न आहेत. शिरीष पटेल, ज्यांनी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर साठच्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली, ते अगदी शेवटपर्यंत, २०२४ मध्ये जाईपर्यंत, विचारत राहिले की एवढ्याशा जागेत इतकी माणसं रचली तर खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळणार कुठून, मुलं खेळणार कुठे? पुनर्वसनाचा खर्च निघावा म्हणून त्याच जागेवर विक्रीच्या इमारतीही उभ्या राहायच्या. म्हणजे गर्दी वाढणारच. त्यात लिफ्ट, पंप, अग्निशमन या सगळ्याचा खर्च दरमहा. आज नाही तर काही वर्षांनी तो ज्याच्या त्याच्या खिशातून जाणार. चाळीचा जिना फुकट होता.

जगात याचे वेगवेगळे अनुभव आहेत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बायकर नावाची कामगार वस्ती होती. साठच्या दशकाच्या शेवटी राल्फ अर्स्किन या वास्तुरचनाकाराला काम मिळालं. त्याच्या माणसांनी ऑफिस थाटलं ते त्याच वस्तीत, मयताचं सामान ठेवणाऱ्याच्या जुन्या दुकानात! दार सताड उघडं, कुणीही यावं, नकाशा बघावा, भांडावं. घरं सुंदर झाली, आज ती जपण्यासारखी इमारत म्हणून सरकारी यादीत आहेत. पण काम दहा-बारा वर्षं चाललं आणि तेवढ्यात जुनी माणसं कंटाळून निघून गेली. मूळच्या पाचांतला एकही धड उरला नाही. विचारलं तरी उशीर झाला की माणूस हातचा जातो, हा बायकरचा धडा. डोंबिवलीत बसून वाट बघणाऱ्या नानींकडे बघून मला तो नीट कळतो.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या बोर्डोचं. साठच्या दशकातल्या तीन सरकारी इमारती, ५३० घरं. पाडायच्या ऐवजी लाकातों आणि वासाल या जोडीने बाहेरच्या भिंतीला लागून नवे प्रशस्त काचेचे सज्जे जोडले. माणसं आपापल्या घरातच राहिली, भाडंही जवळपास तेच. सिमेंट वाचलं, ऊब वाढली, शेजार टिकला. त्यांना २०२१ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालं, ते काही उगाच नाही. एकशे साठ फुटांच्या खोलीला सज्जा जोडून भागलं नसतं हे खरं. पण 'टिकाऊ' म्हणजे दर वेळी पाडून नवं, असं नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं. लंडनमध्येही २०१८ पासून नियम आहे की महापौरांचा निधी घेऊन मोठी वसाहत पाडायची असेल तर आधी तिथल्या रहिवाशांचं मतदान घ्यायचं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? सुप्याहून पुण्याला निघालं की नगर रोडने येरवडा लागतंच. तिथे २००९ च्या सुमाराला केंद्राच्या नेहरू अभियानातून वस्त्यांमधली कच्ची घरं जागच्या जागी पक्की केली. प्रसन्न देसाई हे वास्तुरचनाकार, 'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन'च्या वस्तीतल्याच बाया. ज्याचं घर आधीच पक्कं, त्याला हात लावायचा नाही. ज्याचं पत्र्याचं, त्याचं त्याच जागी वर चढवायचं, सुमारे २७० फुटांचं. जागा कुणाची त्रिकोणी, कुणाची चिंचोळी, म्हणून प्रत्येकाशी बसून बोलायचं, नकाशे दाखवायचे. घराला तीन लाखांच्या आसपास खर्च, त्यात दहावा हिस्सा घरवाल्याचा. ज्याला मनातून नको असेल त्याने नाही म्हणावं. गल्ल्या अजून अरुंद आहेत, कामंही रेंगाळली, सगळं आदर्श झालं असं नाही. पण त्या गल्लीत गेलात तर ओटे जिथल्या तिथे आहेत आणि ओट्यावर बसणारी माणसंही.

आपल्याच शेजारी राळेगण आणि हिवरे बाजार आहेत, ते तर सगळ्यांना माहीत आहेत. हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या काळात ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं गावाने ठरवलं आणि पाळलं. बंधारे इतर गावांतही सरकारने बांधलेत, कितीतरी गाळाने भरले. फरक बंधाऱ्यात नाही, तो कुणी सांभाळायचा हे ठरलं होतं यात आहे. लोकसहभाग म्हणजे फॉर्मवर सही नाही. लोकसहभाग म्हणजे नियम आपण केला, म्हणून मोडताना आपल्यालाच लाज वाटते, ही भावना. बीडीडी चाळीत खोल्या लोक घासूनपुसून लख्ख ठेवायचे आणि सामाईक संडासाकडे बघवत नव्हतं. कारण सोपं आहे. शंभर वर्षं तो सरकारचा होता. आता चाळीस मजल्यांची सोसायटी या लोकांनाच चालवायची आहे आणि ती चालवायचा सराव त्यांना कुणी दिलेला नाही. मला टॉवरच्या उंचीपेक्षा ही काळजी जास्त वाटते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी नानींकडे डोंबिवलीला गेलो. त्या जुन्या शेजारणीचं टॉवरमधलं घर बघून आल्या होत्या. "कसं वाटलं?" विचारलं. "चांगलंय. दार लावलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून उमगलेलं नाही. मग म्हणाल्या, "एवढंच विचारून ठेव बाबा, माणूस गेलं तर लिफ्टमधून आडवं नेता येतं का?" चुलतभाऊ म्हणाला, "येतं, मोठी लिफ्ट आहे." "मग झालं," नानी म्हणाल्या. तात्यांना तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवताना काय झालं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

निघताना त्यांनी ट्रंकेतून एक वही काढून दिली. खोली खाली करताना फक्त देव, तात्यांचा फोटो आणि ही वही त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली होती. लाल पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेली. सुप्याच्या खोलीचा हिशोब. पहिल्या पानावर तात्यांच्या अक्षरात नियम: दारू पिऊन येणाऱ्याने बोळात झोपावे. रात्रपाळीवाल्यास दुपारी उठवू नये. मोरी आळीपाळीने. नवीन येणाऱ्याने पहिला महिना काही देऊ नये. आजारी असेल त्याने देऊ नये. खाली नावं. वर्षावर वर्षं, नवी नावं येतात, जुनी गळतात. मोजली. सगळी मिळून सत्तावीस.

एकशे साठ फुटांत सत्तावीस माणसं राहून गेली, आणि सरकारच्या कागदावर एक.

वही घेऊन सुप्याला आलो आणि आण्णांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. हा आपला, हा वाळवण्याचा, हा गेला, हा पुण्याला असतो, याचा पोरगा आपल्या एमआयडीसीत आहे. मी मुद्दामच बैलाचा विषय काढला. ते म्हणाले, "हिस्सा द्यायचा तर सत्तावीस करावे लागतील. हा बघ, याने संपात स्वतःची सायकल विकली होती खोलीसाठी. याला काय द्यायचं?" थोडा वेळ वही चाळत राहिले. "आणि मी पहिल्या महिन्यात काय दिलं होतं? काही नाही. इथे लिहिलंयच."

मंडळी, ओट्यावर ज्यांनी तो विषय काढला त्यांना मी दोष देत नाही. वरळीतल्या भावांचे आकडे ऐकून कुणाच्याही मनात येईल. पण आण्णांचं उत्तर हे असं आहे, आणि नानींसमोर ते सांगायला ते कचरत होते म्हणून मी इथे लिहून ठेवतो. पुढच्या दिवाळीला पुन्हा तशी शांतता पसरायला नको.

वहीच्या झेरॉक्स काढल्या आहेत. त्या सत्तावीस जणांपैकी ज्यांची मुलं-नातवंडं हे वाचत असतील त्यांनी मागून घ्यावी. मूळ वही नानींना परत दिली. नव्या घरात ती कुठे ठेवायची ते त्या ठरवतील.